चार चमचे आण: शाळेआधीचं गणित आणि घरातले खेळ

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता, विशेषतः ज्यांची मुलं अडीच ते पाच वर्षांच्या मधली आहेत त्यांनी. वरवरचा प्रश्न असतो, "शाळेच्या आधी मुलाला गणिताचं काय शिकवावं?" आणि त्याच्या पोटातला खरा प्रश्न असतो, "सोसायटीतली बाकीची मुलं पन्नासपर्यंत लिहितात, आमचं मागे पडतंय का?"

आधीच सांगतो, मी बालशिक्षणातला माणूस नाही. सॉफ्टवेअर लिहितो, बीटेक केलंय, आणि या विषयात शिरलो ते माझ्या ताईच्या मुलामुळे. तो चार वर्षांचा. ज्युनिअर केजीच्या पालकसभेत ताईला सांगितलं गेलं की हा गणितात कच्चा आहे, कारण एक ते पन्नास लिहिताना सत्तावीसनंतर अडकतो आणि पाचचा आकडा उलटा काढतो. चार वर्षांचं पोर, आणि गणितात कच्चं! ताई रडवेली होऊन घरी आली आणि त्या रात्रीपासून जेवणानंतर रोज अर्धा तास पाटी-पेन्सिल सुरू झाली. पंधरा दिवसांत पोरगं पाटी दिसली की पलंगाखाली जायला लागलं. तेव्हा मी म्हटलं, जरा वाचून तरी बघू की या वयात गणित म्हणजे नक्की काय असतं.

तर आधी एक छोटी चाचणी. आज घरी करून बघा. मुलाला म्हणा, "मला चार चमचे आणून दे." एवढंच. मोजायला सांगू नका, बोटं दाखवू नका.

जे मूल दणक्यात वीसपर्यंत म्हणून दाखवतं, ते बरेचदा मूठभर चमचे आणून देतं. सहा, सात, जेवढे हाताला लागले तेवढे. मग तुम्ही म्हणता, "मोज बरं." ते मोजतं, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." तुम्ही विचारता, "मग किती झाले?" आणि ते परत पहिल्यापासून मोजायला लागतं! त्याला वाटतं "किती" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ती मोजायची क्रिया. शेवटी म्हटलेला शब्द म्हणजे सगळ्या चमच्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नसतं.

मानसशास्त्रात या चाचणीवर चिक्कार काम झालंय. करेन विन या संशोधिकेने 1990च्या आसपास दाखवलं की मुलं हे टप्प्याटप्प्याने शिकतात. आधी फक्त "एक" कळतो. एक माग, बरोबर एक देईल. दोन माग, मूठभर देईल. मग काही महिन्यांनी "दोन" कळतो. मग "तीन". आणि मग कधीतरी, साधारण साडेतीन-चारच्या सुमाराला, एकदम दिवा पेटतो आणि पुढचे सगळे आकडे चालायला लागतात. "एक" ते हा दिवा, या प्रवासाला वर्षभर सहज लागतं, काहींना जास्त. आणि या सगळ्या काळात मूल तोंडाने मात्र दहापर्यंत, वीसपर्यंत व्यवस्थित म्हणत असतं. म्हणजे पाठ म्हणणं आणि कळणं या दोन वेगळ्या गाड्या आहेत, वेगवेगळ्या वेगाने धावणाऱ्या.

रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या जोडीने 1978 मध्येच मोजण्याच्या आत काय काय दडलंय हे उलगडून सांगितलं होतं. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम ठरलेला. शेवटचा शब्द म्हणजे एकूण. कशालाही मोजता येतं, चमचे असोत की टाळ्या. आणि डावीकडून मोजा, उजवीकडून मोजा, उत्तर तेच. आपल्याला हे इतकं उघड वाटतं की यात शिकण्यासारखं काही असेल हेच डोक्यात येत नाही. पण प्रोग्रामिंग करणाऱ्यांना विचारा! मोजणी शून्यापासून की एकपासून, शेवटचा धरायचा की सोडायचा, यावर मोठमोठ्या माणसांचे दिवस वाया जातात. चार वर्षांच्या पोराने याला वर्षभर घेतलं तर काय बिघडलं?

आता मुद्दा असा की यातलं काहीही पाटीवर पन्नासपर्यंत लिहून येत नाही. आकडा लिहिणं हे बोटांच्या स्नायूंचं काम आहे, उलटा पाच हा त्या वयात सर्रास दिसतो. ताईच्या पोराला आम्ही चमचे मागितले तर त्याने बरोब्बर चार आणले. मग सात मागितले, सात आणले. म्हणजे जे खरंच अवघड आहे ते त्याला येत होतं, आणि कच्चा ठरला कशात, तर अक्षरात.

मग करायचं काय? खरं सांगायचं तर घरात जे चाललंय त्यातच करायचं, फक्त तोंड उघडून. शिकागो विद्यापीठाच्या सुझन लेव्हिन यांच्या गटाने 14 ते 30 महिन्यांच्या मुलांच्या घरी जाऊन दीड-दीड तासाच्या पाच भेटी रेकॉर्ड केल्या आणि आईबाप संख्येचे शब्द किती वेळा बोलतात ते मोजलं. एका घरात सगळ्या भेटी मिळून 4 वेळा. दुसऱ्या एका घरात 257 वेळा! ज्या घरांत जास्त बोललं जायचं, तिथल्या मुलांना जवळजवळ चार वर्षांचं झाल्यावर संख्येचा अर्थ जास्त चांगला कळत होता. 2010 चा अभ्यास आहे हा. त्याच मुलांच्या पुढच्या विश्लेषणात आणखी एक बारकावा निघाला: हवेतलं "एक दोन तीन" फारसं कामाचं नाही, समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल बोललेलं उपयोगी पडतं. आणि त्यातही चार ते दहा वस्तूंबद्दल, कारण दोन-तीन वस्तू तर बघताक्षणी कळतात, मोजायची गरजच पडत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याला तोटा आहे का? "बाबांच्या डब्यात तीन पोळ्या, तुझ्या डब्यात एक, किती लाटल्या गं आजी?" मटार सोलताना कुठल्या शेंगेत जास्त दाणे निघाले. पानं घेताना "आज मामा पण आहे, मग किती ताटं?" मोदकाला पाकळ्या किती पडल्या. पोळीचे दोन तुकडे, मग चार, आणि "मोठा तुकडा कुणाला" यावरून भांडण, हे भांडण म्हणजे अपूर्णांकच आहेत. फक्त एक करा, मोजून झालं की शेवटचा आकडा परत एकदा म्हणा. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच ताटं!" ते शेवटचं "पाच ताटं" फार महत्त्वाचं. दिवा पेटतो तो तिथे.

आता खेळांकडे येतो, कारण माझा सगळ्यात आवडता अभ्यास खेळाचाच आहे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या, बालवाडीतल्या मुलांसोबत एक अगदी साधा पट खेळवला. एका सरळ रांगेत दहा घरं, त्यात 1 ते 10 आकडे. चकती फिरवायची, त्यावर 1 नाहीतर 2. तेवढी घरं पुढे जायचं. संपला खेळ. दुसऱ्या गटाला अगदी तसाच पट दिला, पण आकड्यांऐवजी रंग. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, म्हणजे एकूण तासभर. आकड्यांचा पट खेळलेली मुलं आकडे ओळखणं, मोजणं, कुठला मोठा ते सांगणं आणि एका रेघेवर आकड्याची जागा दाखवणं, या चारही गोष्टींत पुढे गेली. नऊ आठवड्यांनी परत तपासलं, तरी फरक टिकून होता. रंगांच्या पटावर काही नाही. नंतर त्यांनी तोच पट गोलाकार करून पाहिला, तर गोलाचा तेवढा फायदा झाला नाही.

सरळ रेघेत असं काय आहे? जरा विचार करा. सोंगटी 8 वर गेली म्हणजे 4 च्या दुप्पट अंतर गेली, हात दुप्पट सरकला, दुप्पट शब्द बोलले, वेळही दुप्पट गेला. डोळा, हात, कान, सगळीकडून एकच बातमी येते की आठ हा चारपेक्षा इतका मोठा. पाटीवर 4 आणि 8 सारख्याच उंचीचे असतात!

पण यात एक मेख आहे, आणि ती आपल्याकडच्या सापशिडीला थेट लागू होते. आपण खेळताना कसं मोजतो? सोंगटी 23 वर आहे, दान तीन पडलं, आपण म्हणतो "एक, दोन, तीन". त्या प्रयोगांत मुलांना घरातला आकडा म्हणायला लावत होते, म्हणजे "चोवीस, पंचवीस, सव्वीस". 2014 मध्ये एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी नेमकं हेच तपासलं, पट तोच, फक्त मोजण्याची पद्धत दोन. घरातले आकडे म्हणत गेलेली मुलं शिकली, "एक दोन तीन" वाल्यांना फारसा फायदा झाला नाही. म्हणजे ज्या खेळाचा जुना अवतार, तो मोक्षपट, आपल्याकडे परंपरेने ज्ञानेश्वरांपर्यंत नेऊन जोडतात, तो घराघरात आहेच. फक्त तोंडातले शब्द बदलायचे.

मात्र इथे मराठीची एक खास अडचण उभी राहते आणि तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

चिनी भाषेत अकरा म्हणजे "दहा-एक", बावीस म्हणजे "दोन-दहा-दोन". एकदा दहा शब्द आले की शंभरपर्यंतची गाडी आपोआप सुटते. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना केली, तर दहापर्यंत दोघांत फरक नाही. फरक पडायला लागतो तो अकरापासून, कारण इंग्रजीत तिथे नावं वेडीवाकडी होतात. आता इंग्रजी जर वेडीवाकडी, तर आपलं काय म्हणायचं? अकरा, बारा, तेरा, यांतून दहा कुठे दिसतो का? पंचेचाळीस म्हणताना पाच आधी आणि चाळीस नंतर, लिहिताना चार आधी आणि पाच नंतर. पोरगं 54 लिहितं आणि आपण ओरडतो. अहो, ते ऐकल्याबरहुकूम लिहितंय! एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर वजाबाकी लपलेली, पुढचा दशक अजून आलेलाही नाही आणि त्यातून एक कमी. आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून झाल्यावर 99 ला मात्र एकोणशंभर न म्हणता नव्याण्णव.

आठवत असेल, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक", "वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत थट्टा गेली, मराठीचा खून वगैरे मथळे आले. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामं मुलांना गणिताच्या दारातच अडवतात, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. माझं मत विचाराल तर त्यांची बाजू बरोबर होती. जुनी नावं टाकायची असं कुणी म्हणतच नव्हतं, शेजारी एक सोपी वाट ठेवली होती. आणि घरी तर आपल्याला कुणी अडवत नाही. "बावीस, म्हणजे वीस आणि दोन" असं दोन्ही म्हणत जा. सापशिडीवर एखाददुसऱ्या ओळीला म्हटलं तरी पुरे. मी आमच्या पोराशी असं खेळतो आणि आजी दर वेळी नाक मुरडते. चालायचंच.

आता दुसरी बाजू. कारण "खेळवा म्हणजे मूल गणितज्ञ होईल" असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. दिल्लीत प्रथम या संस्थेच्या बालवाड्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. एलिझाबेथ स्पेल्की, एस्तेर डुफ्लो, मोइरा डिलन वगैरे मंडळींनी सुमारे 1500 मुलांना चार महिने गणिती खेळ खेळवले. ठिपक्यांचे गट बघून कुठला मोठा ते ओळखणं, आकारांतला वेगळा आकार शोधणं, असे. 2017 मध्ये निकाल आले. मुलांची ही अंदाजाची जाण सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकून होती. उत्तम! पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्यांना फायदा दिसला नाही.

मला हा अभ्यास फार प्रामाणिक वाटतो. मी त्यातून असा अर्थ काढतो की नुसते ठिपके पुरत नाहीत. ठिपके, "पाच" हा शब्द आणि 5 हा आकडा, या तिघांची गाठ त्याच खेळात, त्याच क्षणी पडायला हवी. त्या दहा घरांच्या पटात तेच होतं. आणि शाळेनेही तिथून धागा उचलायला हवा. घरी चिंचोके आणि शाळेत फक्त पन्नासपर्यंत लेखन, तर दोन्हींच्या मधली दरी त्या पोरानेच ओलांडायची का?

तसं हे आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. आज सरकारी धोरणही तेच म्हणतंय. 2023 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी "जादुई पिटारा" आला, त्यात खेळणी, कोडी, पत्ते, बाहुल्या. कागदावर सगळं छान आहे. पालकसभेत मात्र अजून वहीच दाखवली जाते, कारण वहीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येतो.

ॲपबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, आणि मी या धंद्यातला म्हणून सांगतो. मुलांची बहुतेक गणिताची ॲप म्हणजे पाटीवरचंच लेखन, वर फुगे फुटतात एवढंच. ॲप वाईटच असतं असं नाही. 2015 मध्ये शिकागो परिसरातल्या पहिलीच्या 587 मुलांवर एका ॲपचा अभ्यास झाला, त्याचा फायदा दिसला, आणि ज्यांचे आईबाप स्वतः गणिताला घाबरतात त्या मुलांना सगळ्यात जास्त. पण ते ॲप म्हणजे काय होतं? झोपताना आईबापांनी मुलासोबत वाचायची छोटी गोष्ट आणि त्यावर दोन-तीन प्रश्न. म्हणजे तो टॅब्लेट मुलाच्या हातात देऊन आपण भांडी घासायला मोकळे, असा प्रकार नव्हता. चार वर्षांच्या मुलांच्या अबॅकस क्लासबद्दल मी काही बोलत नाही, माझे दोन मित्र त्या धंद्यात आहेत.

एक गोष्ट पटकन सांगतो, ती म्हणजे आकारांची. ठोकळे रचणं, तुकडे जुळवून चित्र करणं, आणि आपली ठिपक्यांची रांगोळी, हेही गणितच. "वर", "खाली", "मधे", "तिरकं", "उलटं कर" हे शब्द वापरत खेळा. पाच बाय पाच ठिपके काढून द्या आणि सांगा, चौकोन करून दाखव. मुलगा असला तरी द्या रांगोळी, प्लीज.

तर आता पट कसा करायचा ते सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घ्या. एका लांब पट्टीवर सारख्या मापाची दहा घरं आखा, डावीकडून 1 ते 10. त्याच्या आधी एक रिकामी जागा, तिथून निघायचं. चकतीऐवजी दोन अर्धे चिंचोके घ्या, उभे फोडलेले, एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. टाकले की जितके पांढरे दिसतील तितकी घरं. दोन पांढरे, दोन घरं. एकही पांढरा नाही, तर जागेवर बसा! शून्य म्हणजे काय हे समजवायला मला याहून सोपी जागा सापडलेली नाही. मूल तीनच्या आतलं असेल तर मात्र चिंचोके नकोत, नाकात-घशात जातात. पुठ्ठ्याचे मोठे गोल कापा.

सोंगटी सरकवताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दहा-पंधरा मिनिटं झाली की कंटाळायच्या आधी आवरायचं. मुलाने चुकीचं घर मोजलं तर लगेच टोकू नका, आपली खेळी आली की आपण सावकाश बोट ठेवून मोजा, ते बघतं.

आणि हरवायचं का मुलाला, असं एकीने विचारलंय. अधूनमधून हरवा, पण ते फसवायला लागलं तर जरा थांबून बघा. परवा आमचं पोरगं आठवर होतं. चिंचोके टाकले, एकच पांढरा पडला. त्याने माझ्याकडे बघितलं, हळूच दुसरा चिंचोका बोटाने पालटला आणि म्हणाला, "मामा, दोन पडले." पट्टीवर न मोजता, आठवरून दहाला दोनच लागतात हे त्याला कळलं होतं. मी गप्प बसलो आणि त्याला जिंकू दिलं. ताईने फोडणीतून मान वर काढून विचारलं, "आज अभ्यास झाला का रे याचा?" मी म्हटलं, झाला की.

चला, आज एवढंच. चमच्यांच्या चाचणीचे तुमच्याकडचे किस्से नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.